चाळीस टक्के मान्य, कारण अमान्य: एका माजी हवालदाराचं प्रकरण

मेजरांच्या निवृत्तीच्या वैद्यकीय मंडळाच्या कागदावर दोन नोंदी आहेत. पहिली: अपंगत्व ४० टक्के, आयुष्यभरासाठी. दुसरी: हे अपंगत्व सेवेमुळे उद्भवलेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही. पहिल्या नोंदीवर त्यांचा काही आक्षेप नाही. दुसरी वाचली की आजही त्यांचा आवाज चढतो. "म्हणजे मी हे घरून घेऊन गेलो होतो का, मॅडम?"

वस्तीत सगळे त्यांना मेजर म्हणतात, साताऱ्याकडे फौजेतून परतलेल्या कुणालाही म्हणतात तसं. हुद्दा हवालदार, पायदळात चोवीस वर्षं, २०२१ साली निवृत्त. आता भांडुपच्या डोंगरउतारावरच्या एका खोलीत बायको आणि दोन मुलांसह राहतात. मी पूर्व उपनगरातल्या एका मानसोपचार केंद्रात समाजसेविका आहे. त्यांच्या आणि वहिनींच्या संमतीनं हे लिहिते आहे. ओळख पटेल अशा खुणा काढल्या आहेत, काही बदलल्या आहेत.

ते आमच्याकडे का आले

उपचारासाठी आले नव्हते. त्यांना 'फिट' असल्याचा दाखला हवा होता.

निवृत्त जवानाला मुंबईत लवकर मिळणारी आणि त्यातल्या त्यात बरा पगार देणारी नोकरी म्हणजे गनमॅनची. बारा बोअरची बंदूक, तिचा परवाना आणि डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतल्या सेवेची नोंदवही, असलं की बँकेत किंवा कॅश व्हॅनवर काम मिळतं. मेजर कॅश व्हॅनवर होते. घाटकोपरला एलबीएस मार्गावर गाडी एटीएमसमोर उभी होती, कॅश उतरवणारा तेविशीतला पोरगा पेटी घेऊन खाली उतरला, आणि मागे एका ट्रकचा टायर फुटला. मेजरांनी पोराला कॉलरला धरून खाली पाडलं, व्हॅनच्या चाकाशी दाबून धरलं, स्वतः त्याच्यावर आडवे झाले आणि बंदुकीची नळी बसस्टॉपकडे धरली. बस स्टॉपवर शाळेतून सुटलेली मुलं होती. गोळी सुटली नाही. पोराचं कोपर सोललं. लोकांनी मोबाइल काढले. मेजरांना टायरचा आवाज आठवतो आणि नंतर कुणीतरी "काका, उठा" म्हणत होतं ते आठवतं. मधलं काही आठवत नाही.

एजन्सीनं पोलिसांत तक्रार केली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ड्यूटी बंद केली आणि मानसोपचार तज्ज्ञाचा दाखला आणायला सांगितलं.

इथेच या माणसाची खरी कोंडी दिसते. पेन्शनच्या कागदासाठी त्यांना आजारी असल्याचं सिद्ध करायचं होतं. पोटासाठी ते बरे असल्याचं. शस्त्र कायदा, १९५९ नुसार मन ठिकाणावर नसलेल्या व्यक्तीला परवाना नाकारता येतो. म्हणजे आजार जितका ठळक कागदावर येईल तितकी हातातली नोकरी दूर जाणार. आमच्या डॉक्टरांनी दाखला दिला नाही आणि मला तो निर्णय पूर्णपणे योग्य वाटतो. त्या बस स्टॉपवरची मुलं कुणाचीही असू शकली असती. पण दाखला नाकारल्यावर घरात महिन्याला किती कमी येणार होते, हेही आम्हाला ठाऊक होतं. म्हणून त्याच बैठकीत बंदूक कुठे जमा करायची, दुसरं काम कोणतं शोधायचं आणि उपचार कधी सुरू करायचे हे तिन्ही विषय एकत्र घेतले. नुसता "नाही" सांगून पाठवलं असतं तर ते पुन्हा आले नसते.

फाइलमधलं आयुष्य

दुसऱ्या भेटीला ते प्लास्टिकची फाइल घेऊन आले. कागद तारखेनुसार लावलेले, प्रत्येकाला पंच.

२००६ ते २००८ राष्ट्रीय रायफल्स या लष्कराच्या बंडखोरीविरोधी दलात, काश्मीरच्या कुपवाडा भागात. तिथल्या एका मोहिमेत त्यांचा बडी, म्हणजे जोडीचा जवान, त्यांच्या शेजारी जिवानिशी गेला. त्याचा तपशील मी इथे देणार नाही, तो त्यांचा आहे. पुढे मूळ पलटणीत परत, शांततेच्या ठिकाणी बदली. २०१२ साली दारूमुळे युनिटनं रुग्णालयात पाठवलं. निदान: अल्कोहोल डिपेंडन्स. वैद्यकीय श्रेणी खाली गेली. दोन वर्षं दारू सोडून दाखवली, श्रेणी परत मिळाली. २०१६ साली पुन्हा रुग्णालय; या वेळी निदान नैराश्याचं. 'शेप' या श्रेणीपद्धतीतला पहिला 'एस' मानसिक प्रकृतीचा. त्यात ते कायमचे खाली आले. पलटणीतल्या भाषेत, कॅटेगरी लागली. चोवीस वर्षं भरल्यावर हवालदाराला मिळू शकणारी दोन वर्षांची सेवावाढ याच कॅटेगरीमुळे नाकारली गेली.

हे पुन्हा वाचावं असं आहे. वाढ नाकारायला आजार पुरेसा खरा होता. त्याची जबाबदारी घ्यायची वेळ आली तेव्हा तो सेवेचा नव्हता.

मंडळाचं कारण एका ओळीचं आहे: आजाराची सुरुवात २०१६ साली, शांततेच्या ठिकाणी. लष्करी डॉक्टरांसाठीच्या २००८ च्या मार्गदर्शिकेत मानसिक आजारांबद्दल स्पष्ट म्हटलं आहे की माणूस लढाईच्या किंवा बंडखोरीविरोधी मोहिमेच्या भागात, अतिउंचावर, अगदी एकाकी चौकीवर असताना आजार झाला तर तो सेवेमुळे झाला असं मानावं. मेजर अशा भागात दोन वर्षं होते. पण फाइलमध्ये आजाराची पहिली तारीख त्यानंतर आठ वर्षांनी पडली, आणि मंडळानं फाइलमधली तारीख हीच आजाराची तारीख धरली.

मग २०१२ चं काय? त्या नोंदीत कुपवाड्याचा उल्लेखच नाही. "रोज पितो, हात थरथरतात, उपचारांना प्रतिसाद चांगला." का पितो, कधीपासून पितो, झोप कधी गेली, यातलं काही विचारल्याची खूण नाही. आणि दारू लिहिली गेली की दार बंद होतं, कारण दारूच्या अतिरेकातून आलेल्या अपंगत्वाला नियमांनुसार भरपाई नाही. तो माणसाच्या स्वतःच्या ताब्यातला विषय समजला जातो. लढाईच्या आघातानंतर झोप यावी म्हणून दारू धरणं हे मनोविकारशास्त्रात सगळ्यांना माहीत असलेलं चित्र आहे. निदान दारूवर थांबलं, की तिच्यामागची सहा वर्षं कागदावरून पुसली जातात.

आमच्या डॉक्टरांनी केलेलं निदान आघातोत्तर तणावविकाराचं आहे, म्हणजे पीटीएसडी. घटना पुन्हा पुन्हा अंगावर येणं, तिची आठवण देणारं सगळं टाळणं, आणि धोका आत्ता इथेच आहे या जाणिवेत सतत राहणं. मेजर लोकलमध्ये दरवाज्याजवळ, पाठ पत्र्याला लावूनच उभे राहतात. विसर्जनाच्या दिवशी घरातून निघत नाहीत. गेली काही वर्षं स्वतः मागून घेऊन रात्रपाळी करत होते. झोपायचंच नसेल तर जागं राहण्याचे पैसे तरी मिळतात, असं त्यांचं म्हणणं. पूर्ण लक्षणं घटनेनंतर सहा महिन्यांहून अधिक काळानं दिसू शकतात हे निदानाच्या निकषांतच मान्य आहे. तरीही तारखेचा प्रश्न उरतोच.

"सब ठीक है, साब"

मेजरांचा राग मंडळाच्या निकालावर जितका आहे त्याहून उपचारांवर जास्त आहे, आणि त्यांची बाजू ऐकली की तो पटतो.

ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना २००३ पासून चालू आहे. कार्ड असलं की पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी, तिथून पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी, औषधं मोफत. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी या योजनेनं घरं वाचवली आहेत. पण ते ज्या पॉलिक्लिनिकला जात तिथे मानसोपचार तज्ज्ञ नव्हता. चिठ्ठी घ्यायची, दुसऱ्या रुग्णालयात जायचं, तिथे दर वेळी नवा डॉक्टर. झोप? भूक? गोळ्या चालू? ठीक. कागदावर एकच वाक्य: "प्रकृती स्थिर, औषधं तीच." वर्षानुवर्षं क्लोनाझेपाम हे मन शांत करणारं, झोप आणणारं औषध चालू होतं, जे पीटीएसडीसाठी दीर्घकाळ देऊ नये असं उपचारांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या घटनेबद्दल बोलायला लावणारी, आघातावर केंद्रित समुपदेशन पद्धत आहे, साधारण तीनएक महिने आठवड्याला एक बैठक लागते, आणि तिचा उपयोग होतो हे चांगलं सिद्ध झालं आहे. तिचं नावही त्यांनी आमच्याकडे येईपर्यंत ऐकलं नव्हतं.

"स्थिर" हा शब्द पुढे त्यांच्याच विरोधात वापरला गेला.

आणि यात मेजरांचा स्वभाव, खरं तर त्यांचं प्रशिक्षण, त्यांच्या आड आलं. आम्ही त्यांना नागरी अपंगत्व प्रमाणपत्रासाठीही पाठवलं होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार हे अपंगत्व धरलं आहे आणि ते 'आयडियाज' नावाच्या मोजपट्टीवर मोजतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि आकलन, काम, या चार बाबींना शून्य ते चार गुण, वर आजाराच्या कालावधीचे गुण. एकूण सात गुण झाले तर ४० टक्क्यांची पायरी. मी सोबत गेले होते. मेजर सकाळी सातला तयार होते. दाढी गुळगुळीत, शर्टाला कडक इस्त्री, बूट चमकवलेले. डॉक्टरांनी विचारलं, घरच्यांशी कसं आहे? "ठीक आहे, सर." काम जमतं? "जमतं, सर." राग येतो? "कंट्रोलमध्ये आहे, सर." खुर्चीत पाठ न टेकता, नजर समोर. वहिनी दाराबाहेर बाकावर बसल्या होत्या, त्यांना कुणी आत बोलावलं नाही. मोठ्या मुलाशी ते दीड वर्ष बोललेले नाहीत, जेवणाचं ताट वेगळं घेतात, रात्री दाराची कडी पाचपाच वेळा तपासतात, हे आत कुणालाच कळलं नाही. निकाल आला: सौम्य, ४० टक्क्यांखाली.

वरिष्ठासमोर उभं राहून "सब ठीक है, साब" म्हणणं हे चोवीस वर्षांत हाडात मुरतं. मंडळात बसलेला प्रत्येक डॉक्टर जवानाला वरिष्ठच वाटतो, अंगात पांढरा कोट असो की गणवेश. त्यामुळे अशा माणसाला एकट्याला विचारून मोजमाप करणं ही पद्धत मुळातच अपुरी आहे. घरच्या माणसाचा जबाब घेतल्याशिवाय मानसिक अपंगत्वाचा आकडा लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

टक्के किती आणि पैसे किती

लोक विचारतात म्हणून हिशोब मांडते. नेहमीची पेन्शन मेजरांना मिळतेच. वाद आहे तिच्यावर मिळणाऱ्या अपंगत्वाच्या घटकाचा. तो मिळायला अपंगत्व किमान २० टक्के हवं आणि ते सेवेशी जोडलेलं हवं. १०० टक्क्यांना शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, त्याखाली त्या प्रमाणात. शेवटचं वेतन समजा ५०,००० रुपये असेल तर ४० टक्क्यांचे होतात ६,०००. शिवाय ५० च्या आतलं अपंगत्व ५० धरायचं, ५० ते ७५ चं ७५, त्यावरचं १००, अशी पद्धत आहे; सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या राम अवतार निकालानं ती मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही लागू झाली. मग ६,००० चे ७,५०० होतात, वर महागाई भत्ता. भांडुपमध्ये हे खोलीचं भाडं आहे. कारण अमान्य असेल तर यातलं काहीच नाही, मग टक्के चाळीस असोत की नव्वद.

२१ सप्टेंबर २०२३ पासून अपंगत्वाच्या भरपाईचे नवे हक्क-नियम आले आहेत, पण मेजर २०२१ चे, त्यांना जुनेच लागू.

पहिली तारीख कुठे सापडली

अपंगत्वाच्या पेन्शनच्या नामंजुरीचं पत्र गावच्या पत्त्यावर गेलं होतं. भावानं ते देवघराच्या फळीवर ठेवलं. मेजरांच्या हाती पडेपर्यंत पहिल्या अपिलाची सहा महिन्यांची मुदत उलटून गेली होती. तेव्हा त्यांनी फाइल बंद केली आणि विषय काढायचा नाही असं घरात सांगितलं.

फाइल वहिनींनी उघडली. एका गुरुवारी त्या एकट्या आल्या. "ताई, यांना म्हणे सोळा साली झालं. आठ सालच्या सुट्टीत हे रात्रभर ओट्यावर बसायचे ते मी पाहिलंय की. पोरांना सुतळी बॉम्ब लावू दिला नाही म्हणून भावकीत भांडण झालं होतं." तेव्हा कुणाला दाखवलं होतं का, असं मी विचारलं. गावातल्या डॉक्टरांना. चिठ्ठी आहे का? लोखंडी कपाटात, मुलांच्या लसीकरणाच्या कार्डांसोबत, पिशवीत होती. २००८ ची, दिवाळीच्या सुट्टीतली. एमबीबीएस डॉक्टरांचं लेटरहेड, मेजरांचं नाव, तारीख, आणि इंग्रजीत दोन ओळी: झोप नाही, दचकून उठतो, ड्यूटीवर मित्र गेल्यापासून. खाली झोपेच्या गोळीचं नाव.

लष्करी फाइलच्या आठ वर्षं आधी, कुठलाही दावा मनात नसताना, एका खेड्यातल्या डॉक्टरांनी कारणासकट तारीख लिहून ठेवली होती. मोठ्या रुग्णालयांनी जे विचारलं नाही ते त्यांनी विचारलं.

त्यानंतर काम सरळ झालं, सोपं नव्हे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २५ नुसार रुग्णाला स्वतःच्या उपचारांच्या नोंदी मागता येतात, त्या मागितल्या. मंडळाचं कामकाज लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसकडून माहितीच्या अधिकारात मिळवलं. त्यात २०१६ चा फॉर्म १० होता, म्हणजे मनोरुग्ण जवानाबद्दल त्याच्या कमांडिंग ऑफिसरनं द्यायचा अहवाल. त्यात लिहिलं आहे की जवान कष्टाळू आहे, पण फायरिंग रेंजवर जायचं टाळतो. मंडळानं या ओळीचा विचार केल्याचं कुठे दिसत नाही.

कायदा कुठे उभा आहे

२०१३ च्या धरमवीर सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत झाला असं गृहीत धरावं. उलट सिद्ध करायचा भार सरकारवर. त्याच वर्षीच्या वीरपाल सिंग प्रकरणात, मानसिक आजाराबाबत मंडळाचं मत तपासून पाहून न्यायालयानं पुन्हा मंडळ बसवायला सांगितलं. पण २०१९ च्या नरसिंग यादव निकालात वेगळा सूर आहे: मानसिक आजार भरतीच्या तपासणीत सहज दिसत नाही, त्यामुळे तेव्हा नोंद नव्हती एवढ्यावरून तो सेवेमुळेच झाला असं म्हणता येत नाही. हा युक्तिवाद मला बिनबुडाचा वाटत नाही. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात तो लागू पडतो. पण पीटीएसडीला घटना लागते. ती घटना कुठे घडली हे दाखवता आलं तर हा आजार भरतीपूर्वीचा असण्याचा प्रश्न कुठून येतो? म्हणूनच मेजरांच्या प्रकरणात निदानाचं नाव आणि पहिली तारीख या दोनच गोष्टींवर सगळं अवलंबून आहे.

तुलनेसाठी एक गोष्ट. अमेरिकेत माजी सैनिकांचं खातं मानसिक आजाराला ०, १०, ३०, ५०, ७० किंवा १०० टक्के देतं आणि तिथेही या आकड्यांवरून लोक हैराण आहेत. पण २०१० साली त्यांनी पीटीएसडीपुरता एक नियम बदलला: शत्रूच्या हल्ल्याच्या भीतीबद्दलचं सैनिकाचं कथन त्याच्या नेमणुकीच्या जागेशी आणि परिस्थितीशी जुळत असेल आणि खात्याच्या तज्ज्ञानं निदानाला दुजोरा दिला असेल, तर त्या घटनेचा वेगळा पुरावा मागायचा नाही. कुपवाड्यातल्या दोन वर्षांची नोंद मेजरांच्या डिस्चार्ज बुकात शिक्क्यासह आहे. असा नियम आपल्याकडे असता तर वहिनींना कपाट उपसावं लागलं नसतं.

सध्या

सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात अर्ज दाखल आहे. मागणी एकट्या पैशांची नाही. पुन्हा मंडळ बसवावं आणि त्यानं २००८ ची चिठ्ठी, फॉर्म १० आणि वहिनींचं प्रतिज्ञापत्र विचारात घ्यावं ही आहे. उशीर झाला तरी पेन्शनचा दावा दर महिन्याला नव्यानं उभा राहतो, फक्त थकबाकी अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांपुरती मिळते. २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून हे ठरलेलं आहे.

मेजर आता मुलुंडच्या एका सोसायटीत सीसीटीव्हीच्या खोलीत दिवसपाळी करतात. पगार कमी आहे, बंदूक नाही. क्लोनाझेपाम डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केलं. आघातावरच्या बैठकी त्यांनी निम्म्यावर सोडल्या आणि मग स्वतःहून परत सुरू केल्या. सोडल्या त्या काळात १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, ते बोलत होते. फौजींसाठी पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर २०२३ पासून त्याचा वेगळा कक्ष आहे, हे त्यांना जुन्या पलटणीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं होतं. मुलाशी बोलणं सुरू झालंय, मुख्यतः क्रिकेटवर.

वकिलांना आमच्या बैठकींची टिपणं हवी होती. त्यांत कुपवाड्यातली ती रात्र मेजरांच्या शब्दांत आहे, आणि दाव्याला तिच्याइतकी मदत दुसऱ्या कशाचीच होणार नाही. गोपनीयता त्यांची, निर्णयही त्यांचा. त्यांनी घरी विचार केला आणि नकार दिला. त्या रात्री शेजारी गेलेल्या माणसाची आई अजून गावाकडे आहे, आणि तिला जे सांगितलं आहे ते तसंच राहावं असं त्यांचं म्हणणं आहे. न्यायाधिकरणात आमच्याकडून फक्त निदान, तारखा आणि उपचारांचा गोषवारा गेला आहे. वकिलांच्या मते यामुळे दावा कमजोर होतो. मेजर म्हणाले, "मग चिठ्ठीवर लढू."